रात्री दोन दहाला कोण जागं असतं?

गेल्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री मला एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. मार्चमध्ये त्याने आमची कंपनी सोडली होती. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाला, "अगं, मला तुमच्या एचआरकडून पत्र आलंय. मी म्हणे रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तुमच्या सर्व्हरवर येतो आणि ग्राहकांची यादी बाहेर पाठवतो. रात्री दोनला मी झोपलेला असतो गं!"

आमची टीम जॉब शेड्यूलर बनवते. ठरलेल्या वेळी ठरलेलं काम आपोआप करणारं सॉफ्टवेअर. रात्रीचा बॅकअप, महिनाअखेरच्या पगाराच्या फायली, पहाटे जाणारी बिलं, अशी कामं माणसांनी सांगून ठेवायची आणि शेड्यूलरने करायची. सकाळी सातला तुमच्या फोनवर 'आपलं बिल तयार आहे' असा मेसेज येतो, तेव्हा तो पाठवायला कुणी सातला उठलेलं नसतं. आम्ही बनवलेला शेड्यूलर आमची कंपनीही वापरते. त्याच्या लॉगमध्ये रोज रात्री ०२:१० ला माझ्या सहकाऱ्याचं नाव होतं. ज्या पुरवठादाराशी करार कधीच संपला होता, त्याच्या सर्व्हरवर ती यादी जात होती.

फोन ठेवायच्या आधी त्याने एकच प्रश्न विचारला. "परमिशनचं टेस्टिंग तूच केलं होतंस ना?"

हो, मीच केलं होतं. चार प्रकारचे युजर, आठ प्रकारच्या कृती, आणि प्रत्येक कृती स्वतःच्या जॉबवर आणि दुसऱ्याच्या जॉबवर. चार गुणिले आठ गुणिले दोन, एकूण चौसष्ट टेस्ट केसेस. सगळ्या हिरव्या. रिलीजच्या दिवशी त्या हिरव्या तक्त्याचा स्क्रीनशॉट मी कौतुकाने ग्रुपवर टाकला होता.

चूक कुठे झाली ते शोधताना मी मागे मागे जात राहिले आणि साठ वर्षं मागे पोचले. लक्षात आलं की आमच्या शेड्यूलरला पडलेला प्रश्न नवा नाही. काम सांगणारा माणूस हजर नसताना ते काम कुणाच्या अधिकाराने करायचं, हा प्रश्न कॉम्प्युटर वाटून घ्यायला लागल्यापासूनचा आहे. आणि त्याचं उत्तर प्रत्येक पिढीने एकदा तरी चुकवलंय.

खिडकीपलीकडचा माणूस

१९५० च्या दशकात शेड्यूलर म्हणजे हाडामांसाचा माणूस होता. कॉम्प्युटर बंद खोलीत. तुम्ही तुमचा प्रोग्राम पंच कार्डांच्या गठ्ठ्यावर आणायचा आणि खिडकीतून ऑपरेटरला द्यायचा. तो गठ्ठे रांगेत लावायचा, एकामागून एक मशीनला घालायचा. निकाल कागदावर छापून यायचा आणि ठरलेल्या जागी ठेवला जायचा.

यात परमिशनचा प्रश्न निम्मा आपोआप सुटायचा. ऑपरेटर तुम्हाला ओळखायचा. दुसऱ्याच्या नावाचा गठ्ठा घेऊन आलात तर तो निदान भुवया तरी उंचावायचा. पुढे गठ्ठ्यातल्या पहिल्या कार्डावर हिशेबाचा खातेक्रमांक आणि नाव आलं. आयबीएमच्या मेनफ्रेमवर तर काही काळ युजरचं नाव आणि पासवर्ड दोन्ही जॉबच्या पहिल्याच कार्डावर लिहायची सोय होती. म्हणजे ज्याच्या हाती गठ्ठा, त्याच्या हाती पासवर्ड.

१९६१ च्या नोव्हेंबरमध्ये एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग सिस्टिम दाखवली. एका कॉम्प्युटरवर अनेक जण एकाच वेळी, आपापल्या टर्मिनलवरून. खिडकीतला माणूस गेला. आता मशीनलाच ओळखायला हवं होतं की समोर कोण आहे. म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिले गेले. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला मोजके तास यायचे. ते संपले की मशीन तुम्हाला आत घ्यायचं नाही.

अ‍ॅलन शेर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे. त्याचा विषयच टाइम-शेअरिंग किती वेगाने चालतं हा होता. चार तास त्याला पुरेनात. सीटीएसएसवर एक सोय होती. एका कार्डावर खातेक्रमांक आणि फाइलचं नाव पंच करून दिलं, की ती फाइल नंतर छापून मिळायची. १९६२ मधल्या एका शुक्रवारी रात्री शेरने कार्ड दिलं. त्यावर पासवर्डच्या फाइलचं नाव होतं. शनिवारी भल्या पहाटे तो गेला आणि छापलेले कागद ज्या कपाटात ठेवायचे तिथून सगळ्यांचे पासवर्ड उचलून घेऊन आला. मग वेळ संपला की दुसऱ्याच्या नावाने आत. हे त्याने कोर्बाटोंना सांगितलं ते पंचवीसेक वर्षांनी.

हा किस्सा बहुतेक वेळा 'पहिली पासवर्डचोरी' म्हणून सांगितला जातो. मी टेस्टरच्या नजरेने वाचला तेव्हा मला पासवर्डपेक्षा ते कार्ड महत्त्वाचं वाटलं. टर्मिनलवर बसून शेरने ती फाइल मागितली असती तर सिस्टिमने नकार दिला असता. त्याने तीच मागणी रांगेत टाकली आणि घरी गेला. नंतर जेव्हा ते काम झालं, तेव्हा करणारा प्रोग्राम सिस्टिमचा होता, त्याला सगळ्या फायली उघडता येत होत्या, आणि 'हे मागितलं कुणी?' असं विचारायला तिथे कुणी नव्हतं. दारावर पहारा चोख आणि टपालाची पेटी उघडी.

गैरहजर माणसाची नोंद

सीटीएसएसनंतर एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून मल्टिक्स बांधायला घेतलं. मल्टिक्सबद्दल आता कुणी फारसं बोलत नाही, पण आमच्या धंद्यातल्या बऱ्याच गोष्टी तिथून आल्यात. नंतर चालवायच्या कामाला तिथे शब्द होता 'अ‍ॅबसेंटी', म्हणजे गैरहजर. काम तुमचंच, पण तुम्ही जागेवर नाही.

मल्टिक्समध्ये चालणाऱ्या प्रत्येक कामाच्या ओळखीला तीन भाग असत: माणूस, प्रकल्प आणि शेवटी एक अक्षर. माणूस स्वतः टर्मिनलवर असेल तर एक अक्षर, काम गैरहजेरीत चालत असेल तर दुसरं, सिस्टिमचा स्वतःचा नोकर असेल तर तिसरं. कुठल्या फाइलला कोण हात लावू शकतो हे ठरवताना या अक्षराचाही विचार करता यायचा. म्हणजे 'ही फाइल मी वाचू शकते, पण माझ्या गैरहजेरीत माझ्या नावाने चालणारं काम वाचू शकत नाही' असं सांगायची सोय होती.

हे वाचून मला आमच्या लॉगची लाज वाटली. आमच्या लॉगमध्ये फक्त नाव होतं. माणूस स्वतः आला होता की त्याने पूर्वी कधीतरी सांगून ठेवलेलं काम चाललं होतं, हे त्यातून कळत नव्हतं. एचआरने लॉग वाचला, नाव पाहिलं, पत्र पाठवलं. एका जास्तीच्या अक्षराने ते पत्र वाचलं असतं.

१९७५ मध्ये मल्टिक्सवर काम केलेल्या जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी एक लांबलचक निबंध लिहिला. कॉम्प्युटरमधल्या माहितीचं रक्षण कसं करावं याची आठ तत्त्वं त्यात आहेत आणि अजूनही ती शिकवली जातात. त्यांतली तीन शेड्यूलरच्या टेस्टरने भिंतीवर लावावीत अशी आहेत. एक, काही ठरलेलं नसेल तर उत्तर 'नाही' असावं. दोन, कुठल्याही प्रोग्रामला कामापुरताच अधिकार द्यावा. तीन, प्रत्येक वेळी, प्रत्येक वस्तूसाठी, अधिकार तपासावा. तिसऱ्यात एक सूचना दडलेली आहे. एकदा तपासून मिळालेलं उत्तर लक्षात ठेवून पुढे वापरणार असाल तर सावध राहा, कारण मधल्या काळात अधिकार बदललेला असू शकतो.

शेड्यूलर नेमकं हेच करतो. सोमवारी तपासतो आणि पुढची तीन वर्षं त्या उत्तरावर चालवतो.

राजाच्या नावाने

बेल लॅब्ज १९६९ मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली आणि केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि सहकाऱ्यांनी युनिक्स बनवलं. युनिक्समध्ये एक सर्वाधिकारी युजर असतो, त्याचं नाव रूट. रूटला सगळं करता येतं. बाकीच्यांना आपापल्यापुरतं.

पण मग साध्या माणसाने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? पासवर्डची फाइल तर रूटची. रिचीने एक छोटी, हुशार युक्ती काढली. फाइलवर एक खूण. ती असलेला प्रोग्राम कुणीही चालवला तरी तो प्रोग्रामच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. या युक्तीचं नाव सेटयूआयडी. १९७३ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९७९ च्या जानेवारीत पेटंट मिळालं. चालवणारा एक आणि अधिकार दुसऱ्याचा, ही गोष्ट आता एका बिटमध्ये बसली.

त्याच १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्यात 'क्रॉन' होता. नाव ग्रीक क्रोनॉसवरून, म्हणजे काळ. आज जगातल्या असंख्य सर्व्हरवर जे शेड्यूलर चालतात, त्यांचा हा आजोबा. त्याचा दिनक्रम साधा होता. दर मिनिटाला उठायचं, एक फाइल वाचायची, या मिनिटाला काही करायचं आहे का पाहायचं, असेल तर करायचं, परत झोपायचं. फाइल एकच होती आणि त्यातलं सगळं काम रूटच्या अधिकाराने चालायचं. ती फाइल ज्याच्या हातात, त्याच्या हातात अख्खं मशीन. एका खोलीत बसणाऱ्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांसाठी हे चालून गेलं.

साध्या युजरसाठी 'अ‍ॅट' नावाची वेगळी आज्ञा होती. 'हे काम संध्याकाळी आठला कर' असं सांगायचं. अ‍ॅट त्या कामाची एक फाइल बनवून एका फोल्डरमध्ये ठेवायचा. वेळ झाली की दुसरा प्रोग्राम ती फाइल उचलायचा, फाइलचा मालक कोण ते पाहायचा आणि स्वतःची रूटची झूल उतरवून त्या मालकाच्या अधिकाराने काम चालवायचा. हे क्रॉनपेक्षा पुष्कळ बरं, पण आता सगळा भरवसा एका गोष्टीवर: फाइलचा मालक म्हणजेच काम सांगणारा. हे गृहीतक खोटं ठरलं की शेड्यूलर फसला.

प्रत्येक युजरला स्वतःचा क्रॉन मिळावा ही गोष्ट अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात आकाराला आली. रॉबर्ट ब्राउन नावाच्या विद्यार्थ्याची अडचण परमिशनची नव्हतीच. दर मिनिटाला सगळ्यांच्या फायली वाचत बसलं तर मशीन दमेल, ही त्याची चिंता होती. सिम्युलेशनमध्ये घटनांची रांग सांभाळायची एक पद्धत त्याने क्रॉनला लावली. पुढचं काम कधी आहे ते काढायचं आणि तोवर झोपायचं. पर्ड्यूतूनच बेल लॅब्जला गेलेल्या कीथ विल्यमसनने नंतर ही कल्पना एटी अँड टीच्या युनिक्समध्ये नेली. आता कुणीही स्वतःचं वेळापत्रक लिहू शकत होतं.

आणि 'कुणीही' म्हटलं की लगेच प्रश्न आला: खरंच कुणीही?

चार ओळींचा तक्ता

उत्तर म्हणून दोन साध्या फायली आल्या. एक क्रॉन.अलाऊ, दुसरी क्रॉन.डिनाय. पहिलीत परवानगी असलेल्यांची नावं, दुसरीत नसलेल्यांची. पॉल व्हिक्सीने १९८७ मध्ये लिहिलेल्या आणि लिनक्सच्या जगात घरोघरी पोचलेल्या क्रॉनमध्येही याच दोन फायली राहिल्या. आजही आहेत.

टेस्टरसाठी ही नमुन्याची जागा आहे. दोन फायली, प्रत्येक असेल किंवा नसेल. चार शक्यता.

अलाऊ आहे, डिनाय नाही: अलाऊमध्ये नाव असेल तरच परवानगी. दोन्ही आहेत: डिनायकडे बघायचंच नाही, अलाऊ ठरवेल. फक्त डिनाय आहे: तिच्यात नाव नसेल तर परवानगी, ती रिकामी असेल तर सगळ्यांनाच. आणि दोन्ही नाहीत?

शेवटच्या ओळीत गंमत आहे. युनिक्ससारख्या सिस्टिम कशा वागाव्यात याचं जे पॉझिक्स नावाचं मानक आहे ते म्हणतं, दोन्ही फायली नसतील तर फक्त विशेषाधिकारी. डेबियन लिनक्सची माहितीपुस्तिका म्हणते, आमच्याकडे दोन्ही नसतील तर सगळ्यांना परवानगी. म्हणजे एका सिस्टिमवर फाइल पुसली गेली तर दार बंद होतं, दुसरीवर सताड उघडतं. कुणी साफसफाई करताना 'ही फाइल कशाला हवी' म्हणून अलाऊ पुसली तर काय होईल, हे तुम्ही कुठल्या मशीनवर आहात त्यावर अवलंबून. साल्ट्झर आणि श्रोडर यांचं पहिलं तत्त्व इथे एका रिकाम्या जागेत हरवतं.

'नाव यादीत असलेल्याला परवानगी मिळते' ही टेस्ट सगळेच लिहितात. 'यादीच नाहीशी झाली तर काय' ही टेस्ट लिहायला थोडं संशयी असावं लागतं. जे व्हायला हवं ते होतं का, हे पाहणं सोपं, कारण ते दिसतं. जे व्हायला नको ते होत नाही ना, हे पाहणं कठीण, कारण न होण्याला रंग-रूप नसतं.

पण खरा खड्डा अजून पुढेच आहे. या दोन फायली वाचतं कोण? व्हिक्सीच्या क्रॉनमध्ये वेळापत्रक लिहायची आज्ञा त्या वाचते. वेळापत्रक चालवणारा क्रॉन त्यांच्याकडे बघत नाही. म्हणजे आज तुमचं नाव डिनायमध्ये टाकलं तर उद्या तुम्ही नवं काम लिहू शकणार नाही. काल लिहून ठेवलेलं मात्र चालूच राहील. पहारेकरी दारावर उभा आहे. आधीच आत येऊन बसलेल्यांना तो विचारत नाही.

हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. आमच्या शेड्यूलरमध्ये नेमकं हेच होतं.

गोंधळलेला मुनीम

१९८८ मध्ये नॉर्म हार्डी यांनी टाइमशेअर नावाच्या कंपनीतला एक जुना प्रसंग लिहून काढला. तिथे फोरट्रानचा एक कंपायलर होता. कोण तो किती वापरतं याची आकडेवारी लिहिता यावी म्हणून त्याला सिस्टिमच्या एका फोल्डरमध्ये लिहायचा अधिकार दिलेला होता. त्याच फोल्डरमध्ये ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती. कंपायलर वापरताना 'चुका शोधायची माहिती अमुक फाइलमध्ये लिही' असं सांगता यायचं. एका युजरने त्या जागी बिलांच्या फाइलचं नाव दिलं. कंपायलरने इमानदारीत लिहिलं. बिलांची माहिती गेली.

युजरला त्या फाइलमध्ये लिहायचा अधिकार नव्हता. कंपायलरला होता. कंपायलर एकाच वेळी दोन मालकांचं काम करत होता आणि कुठलं काम कुणाच्या अधिकाराने करायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हार्डींनी त्याला 'गोंधळलेला मुनीम' म्हणावं अशा अर्थाचं नाव दिलं आणि ते आमच्या शास्त्रात रुजलं.

शेड्यूलर हा जन्मजात असा मुनीम असतो. सगळ्यांची कामं त्याच्याकडे, म्हणून सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. जेनकिन्स या लोकप्रिय साधनातही, वेगळी व्यवस्था लावली नाही तर, जॉब सिस्टिमच्या पूर्ण अधिकाराने चालतात. ज्याला जॉबमध्ये बदल करता येतो, त्याला त्या किल्ल्यांचा जुडगा उसना मिळतो.

'ध'चा 'मा'

२०१० च्या जूनमध्ये स्टक्सनेट सापडला. इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्राला लक्ष्य करणारा हा प्रोग्राम आज सायबरयुद्धाच्या प्रत्येक पुस्तकात असतो. विंडोजमधल्या चार अज्ञात त्रुटी त्याने वापरल्या होत्या. त्यांतल्या दोन आपल्या गोष्टीतल्या आहेत.

एक होती छपाईच्या रांगेतली. दूरच्या मशीनवर छपाईसाठी म्हणून पाठवलेली फाइल प्रिंटरऐवजी थेट सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जाऊन बसायची, कारण मागणारा पाहुणा आहे की घरचा हे रांग नीट तपासत नव्हती. अ‍ॅलन शेरच्या कार्डानंतर जवळपास पन्नास वर्षांनी!

दुसरी होती विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधली. सांगून ठेवलेलं प्रत्येक काम एका फाइलमध्ये लिहिलेलं असे आणि ते कुणाच्या अधिकाराने चालवायचं हेही त्याच फाइलमध्ये. काम लिहिणाऱ्या युजरला ती फाइल बदलताही यायची. मग त्याने स्वतःचं नाव खोडून सिस्टिमचं नाव टाकलं तर? त्यासाठी विंडोज फाइलची एक गणिती बेरीज जपून ठेवायचं आणि चालवण्याआधी पुन्हा मोजायचं. ही बेरीज सीआरसी-३२ या पद्धतीची होती. ती मुळात तारेतून जाताना झालेली अपघाती चूक पकडायला बनलेली. मुद्दाम केलेली खाडाखोड पकडायला नव्हे. स्टक्सनेटने नाव बदललं आणि बेरीज पहिल्याइतकीच यावी म्हणून फाइलमध्ये थोडा निरर्थक मजकूर घातला. शेड्यूलरने बेरीज जुळवली, समाधानी झाला आणि सर्वाधिकाराने काम चालवलं.

आनंदीबाईंची आख्यायिका आपण शाळेपासून ऐकतो. 'धरावे'चं 'मारावे' झालं आणि हुकूम अंमलात आणणाऱ्याने कागदावर होतं तेच केलं. तिचा खरेखोटेपणा इतिहासकारांवर सोडू. पण हुकूम देणं आणि तो अंमलात येणं यांच्यामध्ये जो कागद असतो त्याचं काय होऊ शकतं, हे त्या एका अक्षराने मराठी माणसाला कायमचं शिकवलंय. म्हणून तर जुन्या पत्रांवर वर शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब असे. खाली कुणी ओळ वाढवू नये म्हणून. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मोर्तब बदललं. सीआरसीच्या जागी खाडाखोडीला दाद न देणारी पद्धत आली.

पासष्टावी टेस्ट

आता आमच्याकडे परत.

माझ्या चौसष्ट टेस्ट्समध्ये प्रत्येक वेळी युजर हजर होता. लॉगिन करून काहीतरी करायला बघायचा आणि मी तपासायचे की सिस्टिम 'हो' म्हणते की 'नाही'. माझ्या तक्त्यात काळ नव्हताच. सोमवारी जॉब लिही, बुधवारी अधिकार काढून घे, गुरुवारी रात्री काय होतं ते बघ, अशी एकही ओळ नव्हती. म्हणजे शेड्यूलर तपासताना मी फक्त दार तपासलं. दोन आणि दोन दहाच्या मधलं काहीच तपासलं नाही.

माझ्या सहकाऱ्याचं खातं त्याने कंपनी सोडली त्याच दिवशी बंद झालं होतं. एचआरच्या यादीत तशी खूणही होती. शेड्यूलरला कुणी कळवलं नाही, आणि त्याने विचारलं नाही.

माझे काका वकील आहेत. त्यांना मी हे सोप्या शब्दांत सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, हे तर मुखत्यारपत्र झालं." १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम २०१ आहे: मुखत्यारपत्र देणारा वारला किंवा त्याने ते मागे घेतलं की मुखत्यारी संपते. आणि कलम २०८ आहे: पण मुखत्याराला ते कळेपर्यंत, त्याच्यापुरती, ती संपत नाही. कायदा करणाऱ्यांना १८७२ मध्ये ठाऊक होतं की अधिकार काढून घेणं आणि ते मुखत्याराच्या कानावर जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. मला ते समजायला एक पत्र आणि एक फोन लागला.

मी दुसऱ्या दिवशी मॅनेजरना सगळं लिहून दिलं. कुठली टेस्ट नव्हती, ती का नव्हती, आणि ती मी लिहायला हवी होती हेही. माझ्या सहकाऱ्याला दोन ओळींचा मेल गेला: आधीचं पत्र रद्द समजावं. 'माफ करा' त्यात नव्हतं. ते मी फोनवर म्हटलं.

मग खरा वाद सुरू झाला. माणूस गेला की त्याचे जॉब थांबवायचे का? थांबवले तर त्यात पगाराचाही एखादा असेल. चालू ठेवले तर कुणाच्या नावाने? आपोआप मॅनेजरच्या नावावर टाकले तर त्यांना पत्ताच नसलेलं काम त्यांच्या अधिकाराने चालणार, म्हणजे मुनीम पुन्हा गोंधळलेला. शेवटी ठरलं की दर वेळी, चालवायच्या क्षणी, शेड्यूलर मालकाचा अधिकार तपासेल. अधिकार नसेल तर जॉब थांबेल आणि कुणीतरी जिवंत, नोकरीत असलेल्या माणसाने तो स्वतःच्या नावावर घेईपर्यंत चालणार नाही. लॉगमध्येही नावापुढे एक जास्तीचं अक्षर आलं: माणूस हजर होता की गैरहजर.

हा बदल लागू झाला त्या पहिल्या रात्री सदतीस जॉब थांबले. सकाळी सहाला माझा फोन वाजला. एका विभागाचा रोजचा अहवाल आला नव्हता आणि साहेब चिडलेले होते. तो जॉब लिहिणारी व्यक्ती दोन वर्षांपूर्वीच कंपनी सोडून गेली होती. दोन वर्षं रोज सकाळी साहेब तो अहवाल वाचत होते.

मी त्यांना विचारलं, "हा जॉब तुमच्या नावावर करू का?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "थांबा. आधी त्यात नक्की काय काय आहे ते मला बघू द्या."